कुत्रीच्या पायाला लावलेली कातडी निळी पडली, म्हणजे वाया गेली का?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅक्टरखाली सापडलेल्या तुमच्या कारवानी (शिकारी जातीच्या) कुत्रीच्या पायाला तिच्याच बरगडीवरची कातडी लावली, तिसऱ्या दिवशी ती निळी-जांभळी दिसली, आता काढून टाकावी का? मी परभणीकडे जनावरांचा डॉक्टर आहे. लगेच काढू नका.

कांद्याचं रोप उपटून दुसऱ्या रानात लावलं की आधी माना टाकतं, तसंच हे. लावलेल्या कातडीला पहिले दोन दिवस रक्तपुरवठाच नसतो. जखमेतून पाझरणारा द्रव शोषून ती तग धरते, म्हणून फुगल्यासारखी दिसते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास जखमेतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या कातडीतल्या जुन्या वाहिन्यांना जुळायला लागतात. रक्त आत येतं, पण माघारी जायची वाट अजून नीट झालेली नसते. तुम्हाला दिसलेला रंग बहुधा तोच. सगळं ठीक असेल तर आठवडाभरात लाली येते. वरचा काळा पापुद्रा सुटला तरी खालचा थर जिवंत असू शकतो, नखानं ओढू नका. काळी पडून कडक झाली, वास मारायला लागली किंवा खाली पू आला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

खरी भीती रंगाची नसून हालचालीची आणि खाली साचणाऱ्या रक्त-पाण्याची. ते निघून जावं म्हणूनच कातडीला बारीक चिरा दिलेल्या असतात, त्या पाहून घाबरू नका. मी नवा असताना एक मालक रोज विचारायचे, “डॉक्टर, धरली का हो?” मलाही राहवेना. दुसऱ्याच दिवशी पट्टी सोडली. चिकटलेल्या गॉजसोबत कातडीचा कोपरा वर आला, खाली रुपयाएवढी रक्ताची गाठ झाली आणि तेवढा तुकडा गेला. चूक सरळ माझी.

पट्टी तुमच्या डॉक्टरांनाच सोडू द्या. हळद, पावडर काही टाकू नका. कुत्री चाटत असेल तर गळ्यात कॉलर घाला, नाहीतर जुन्या बादलीचं बूड कापून अडकवा. उन्हाळ्यात माशा बसून आळ्या पडतात, तेव्हा गोठ्यात न बांधता घरात ठेवा. शेतात तर सोडूच नका, ससा दिसला की कारवानी काय थांबतेय!

केस दोन-तीन आठवड्यांनी फुटायला लागतील. उलट्या दिशेनं आले तर डॉक्टरांशी भांडू नका, कातडी लावताना तिची दिशा फिरली असेल, एवढंच.