मेम्ब्रेनवर पीएचडी: देश नंतर, लॅब आधी

तुम्ही विचारलंय की एमएस्सी झालंय, बायोसेन्सर आणि औषधांसाठीच्या कृत्रिम पेशी-मेम्ब्रेनवर पीएचडी करायची आहे, तर जर्मनी बरी की ऑस्ट्रेलिया? मी जर्मनीत याच विषयात काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. देशाचा प्रश्न जरा बाजूला ठेवा. कोणत्या प्रकारचं मेम्ब्रेन हाताळायचं ते आधी ठरवा, त्यावरून लॅब ठरेल.

सेन्सरच करायचा असेल तर सोन्याच्या इलेक्ट्रोडला बांधलेलं, म्हणजे टेदर्ड मेम्ब्रेन बघा. सिडनीच्या ब्रूस कॉर्नेल यांच्या गटाने १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेली रचना नीट समजून घ्या. ग्रॅमिसिडिन या छोट्या प्रतिजैविक पेप्टाइडचं आयन-चॅनेल, म्हणजे आयनांना मेम्ब्रेनपार नेणारी वाट, दोन अर्ध्यांचं असतं. खालचा अर्धा सोन्याला बांधलेला, वरचा लिपिडमध्ये, म्हणजे मेम्ब्रेनच्या स्निग्ध रेणूंच्या थरात, मोकळा फिरणारा. दोघं एका रेषेत आले की आयन वाहतात. नमुन्यातला रेणू अँटिबॉडीने धरला की वरचा अर्धा अडकतो, जोडी तुटते आणि प्रवाह घटतो. रेणू सापडल्याचं थेट विजेच्या मोजमापात दिसतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. जर्मनीत माइन्झच्या माक्स प्लांक पॉलिमर संस्थेतही टेदर्ड मेम्ब्रेनवर भरपूर काम झालंय. मोठ्या व्हेसिकल्सची, म्हणजे मेम्ब्रेनच्या पोकळ पिशव्यांची, ओढ असेल तर पोट्सडामची माक्स प्लांक कोलॉइड संस्था बघा.

कुठेही गेलात तरी हाताने मेम्ब्रेन बनवायला शिकाच. डेकेन या द्रावकात विरघळवलेलं लिपिड टेफ्लॉनमधल्या बारीक छिद्रावर ब्रशने लावायचं. सुरुवातीला इंद्रधनुषी रंग दिसतात, मग थर पातळ होत जातो आणि अचानक काळा पडतो. जाडी जेमतेम ४-५ नॅनोमीटर उरली की दोन्ही पृष्ठांवरून परतणारे किरण एकमेकांना पुसून टाकतात. त्याच वेळी कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढतो. मग ग्रॅमिसिडिन घातलं की एकेका चॅनेलचं उघडणं-मिटणं काही पिकोअँपिअरच्या पायऱ्यांत दिसतं. कोणी शेजारून दार आपटलं तरी मेम्ब्रेन फुटू शकतं. त्यामुळे चिकाटी हवीच.

औषधांकडे जायचं असेल तर लायपोझोम, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या लिपिडच्या सूक्ष्म पिशव्या. डॉक्सिल या लायपोझोममधून दिल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली, तिथून वाचायला लागा. एक मात्र सांभाळा: एमआरएनए लशीतल्या लिपिड नॅनोकणांना मुलाखतीत लायपोझोम म्हणू नका. त्यांच्या आत पाण्याची पोकळी आणि भोवती द्विस्तर अशी रचना नसते.

जर्मनीत पीएचडी ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते. विद्यापीठांत साधारणपणे टीव्ही-एल या राज्य सरकारी वेतन करारातली ई १३ श्रेणी मिळते, पण करार अनेकदा अर्धवेळ किंवा पाऊणवेळ असतो, तेव्हा टक्केवारी आणि मुदतवाढ दोन्ही लेखी विचारा. लॅबमध्ये इंग्रजी चालतं, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात मात्र जर्मन लागते.

प्राध्यापकांना मेल पाठवताना 'तुमचं मेम्ब्रेन किती वेळ टिकतं आणि ते कसं मोजता?' हे विचारा. आणि गटातल्या एखाद्या पीएचडी विद्यार्थ्याशी बोलून सूक्ष्म प्रवाह मोजायचा अॅम्प्लिफायर वापरायला किती दिवस थांबावं लागतं तेही काढून घ्या.