छापील की डिजिटल : संशोधनाला नव्याने सुरुवात करताना

छापील साधने चांगली की डिजिटल, असे तुम्ही विचारले आहे. त्याआधी आपल्याला नेमके काय शोधायचे आहे ते एका वाक्यात लिहून काढा, म्हणजे साधनाची निवड पुष्कळ सोपी होईल. विषय नवा असेल, तर प्रथम एखादा कोश आणि एक पायाभूत ग्रंथ छापील स्वरूपात वाचावा, कारण अनुक्रमणिका, शेवटची सूची आणि त्याच कपाटात शेजारी लावलेली पुस्तके यांतून विषयाचा आवाका लवकर कळतो. ताजे संशोधन मात्र नियतकालिकांच्या डेटाबेसमध्ये शोधावे. तिथेही जेस्टोरसारख्या (शोधनियतकालिकांच्या ऑनलाइन) संग्रहात अनेक नियतकालिकांचे अलीकडच्या काही वर्षांचे अंक नसतात, हे लक्षात असू द्या.

सुरुवातीच्या चुका साधारणपणे अशा असतात :

- शोधात काही आले नाही, म्हणजे ती माहितीच नाही असे समजणे. जुन्या स्कॅन केलेल्या पानांवरील अक्षरे, विशेषतः जोडाक्षरे, संगणकाने चुकीची ओळखली, तर शब्द पानावर असूनही सापडत नाही. ही चूक सर्वांत महागात पडते.
- छापील आहे म्हणून विश्वासार्ह मानणे. सुधारित आवृत्ती आणि नुसते पुनर्मुद्रण यांतील फरक पाहावा.
- पृष्ठ क्रमांक, डीओआय (ऑनलाइन लेखाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक) किंवा संकेतस्थळ पाहिल्याची तारीख तेव्हाच न टिपणे.

प्रगत शोधतंत्रे सध्या बाजूला ठेवा. अडलात तर ग्रंथपालांना निःसंकोच विचारा आणि केवळ विषय न सांगता तुम्ही लिहिलेले ते वाक्यच त्यांना दाखवा.