नळी लावली की लेकरू तोंडानं खायचं विसरेल का?

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा बिघडलेल्या मुलाच्या आईला डॉक्टरांनी "पोटाला नळी लावू", म्हणजे अन्न थेट पोटात सोडायची नळी, असं सुचवलं की ती माझ्याकडे येऊन पहिल्यांदा हेच विचारते. बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कुटुंबातली आईही हाच प्रश्न घेऊन बसली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते.

त्यांची माझी ओळख मात्र नळीच्या आधीची. मुलगा चार वर्षांचा, मान धरत नव्हता, वजन अगदीच कमी, आणि न्यूमोनिया वारंवार. सोबत आजी. "लाडावलंय हो मॅडम, घास तोंडातच धरून बसतंय," आजी म्हणाल्या. सून गप्प. ती दिवसातून तीनदा, दर वेळी तासभर भरवायची, आणि लेकरू वाळलं म्हणून घरात बोल तिलाच.

मी म्हटलं, डबा आणलाय ना, इथंच भरवा. दुधात कुस्करलेली भाकरी होती. तिनं पाय पसरले, लेकराला पायांवर आडवं घेतलं, मान मागं टेकवली आणि चमचा जिभेच्या मागच्या बाजूला रिकामा केला. खोकला आला नाही. पण चार घासांनंतर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, छाती घरघरायला लागली. बोलण्या-गिळण्याच्या अडचणी बघणाऱ्या आमच्या स्पीच थेरपिस्टनं तिथंच भरवणं थांबवलं. "खोकत नाही म्हणजे नीट उतरायलंय, असंच वाटायचं मला," आई म्हणाली.

हा समज घरोघरी आहे आणि तो जिवावर बेततो. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनळीचं तोंड झाकलं जातं आणि घास अन्ननलिकेत जातो. हे सगळं मेंदू घडवून आणतो. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा झाली असेल तर हा क्रम बिघडू शकतो. घशाची जाणीवच कमी असेल तर अन्न श्वासनळीत उतरलं तरी ठसका लागत नाही. पाण्यासारखं पातळ सर्वांत लवकर घसरतं. दूध-भाकरी तर आणखी अवघड, कारण दूध पुढं पळतं आणि कण मागं राहतात. आजींना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं: रानात दारं धरताना पाणी वेळेवर वळवलं नाही तर ते भलत्याच सरीत शिरतं, तसं हे आहे; यात ना लेकराचा हट्ट, ना सुनेचा दोष.

भरवण्याची पद्धत बदलली. पाठीला आणि मानेला आधार देऊन ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. थेरपिस्टनं ठरवून दिला तेवढा घट्ट, कण नसलेला वरण-भात. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. नाक दाबून औषध पाजणं आणि नाकात तेल सोडणं बंद. याबाबत मी मुलाहिजा ठेवत नाही, ते तेल फुप्फुसात जाऊ शकतं.

फरक पडला, पण वजन वाढेना. मग छत्रपती संभाजीनगरला त्याची गिळण्याची एक्स-रे तपासणी झाली. तिच्यात बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ, मिसळलेला घास कुठं जातो ते पडद्यावर दिसतं. पाणी श्वासनळीत जाताना आईनं स्वतः पाहिलं, आणि लेकरू खोकलं नाही. तिथं नळीचा विषय निघाला.

"तोंडानं भरवायचंच नाही, तर मी माय कशाची?" ती म्हणाली आणि रडली. मी तिला रडू दिलं. भरवणं हाच तिचा आणि त्याचा दिवसभरातला हक्काचा वेळ होता. पण तो वेळ कसा जायचा हेही तिनंच सांगितलं: चमचा दिसला की लेकरू तोंड फिरवायचं.

नळी लावली म्हणजे तोंड बंद होत नाही. थेरपिस्ट सुरक्षित म्हणेल तेवढी चव, तेवढे घास चालू ठेवता येतात, आणि ठेवावेत, म्हणजे जिभेची सवय टिकते. काही मुलांची नळी पुढं काढता येते, काहींची वर्षानुवर्षं राहते. तिच्या मुलाचं काय होईल याचं वचन मी दिलं नाही. भूल, नळीभोवतीचा जंतुसंसर्ग, गळती हे धोके सांगितले. लाळ किंवा पोटातून वर येणारं अन्न श्वासनळीत जाऊन पुन्हा न्यूमोनिया होऊ शकतो, हेही लपवलं नाही. पण पोटभर अन्न, पाणी आणि औषध रोज नक्की पोचणार होतं.

नळी असलेल्या मुलाच्या एका आईशी तिची भेट घालून दिली. त्या दोघी जे बोलल्या ते माझ्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं, असं मला मनापासून वाटतं. घरी विचार करून त्यांनी नळी लावून घेतली. दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर गेली की लेकरू आजींकडेच राहणार, म्हणून नळीतून भरवायला आणि जागा स्वच्छ ठेवायला आजीही शिकल्या. घट्ट वरणाचे काही चमचे मात्र अजून तोंडानंच.

तुमच्या घरी जेवण अर्ध्या तासाहून जास्त लांबत असेल, खाताना आवाज ओलसर होत असेल, छाती पुन्हापुन्हा भरत असेल, तर खोकल्याची वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढून घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्याचा अर्जही लगेच भरा.