संत्र्याच्या सालीचा कोळसा, १२०० अंशांची भट्टी आणि बोरिक अ‍ॅसिड

प्रश्न असा आहे: संत्र्याच्या सालीच्या कोळशाचं ग्राफाइट करायचंय, कॉलेजची ट्यूब भट्टी १२०० अंशांपर्यंतच जाते, तर बोरिक अ‍ॅसिड घालावं की लोखंडाचा क्षार?

लोखंड घाला. बोरिक अ‍ॅसिडमधल्या बोरॉनची तारीफ तुम्ही वाचली असेल, ती खोटी नाही. त्याचा अणू कार्बनच्या अणूंच्या जाळीत कार्बनच्याच जागी बसतो आणि एरवी हट्टी असलेला कोळसाही ग्राफाइटसारख्या थरांत येतो. पण हे सगळं २००० अंशांच्या वरचं काम. तुमच्या भट्टीत बोरिक अ‍ॅसिड पाणी सोडेल, त्याच्या ऑक्साइडची काच होईल आणि ती कोळशाला चिकटून बसेल, बस्स.

लोखंडाची रीत वेगळी. तापलेला लोखंडाचा कण अस्ताव्यस्त कार्बन स्वतःत विरघळवतो आणि दुसरीकडे ग्राफाइट म्हणून बाहेर टाकतो, कारण ग्राफाइट जास्त स्थिर. निकेल, कोबाल्टही हेच करतात. म्हणून हजार अंशांच्या आसपासही काम होतं, पण कण जिथे पोचला तिथेच. बाकीचा कोळसा आहे तसाच राहतो. साल, लाकूड, नारळाची करवंटी यांचा कार्बन नुसत्या उष्णतेने, अगदी ३००० अंशांनाही, नीट ग्राफाइट होत नाही. ग्राफाइट होणारा आणि न होणारा, असे कार्बनचे दोन प्रकार शास्त्रज्ञ रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्येच वेगळे करून दाखवले होते.

आता करायचं काय? सालीत पोटॅशियम, कॅल्शियम असतं. कोळसा आधी सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने आणि मग पाण्याने धुवा. मग फेरिक नायट्रेट या लोखंडाच्या क्षाराच्या द्रावणात भिजवा, कोरडी पूड मिसळू नका, कण सारखे पसरत नाहीत. नायट्रेट आणि सेंद्रिय माल एकत्र म्हणजे तापवताना घाई नको. सुरुवातीचे तपकिरी धूर फ्यूम हूडमध्येच जाऊ द्या. वायू आर्गॉन. शेवटी लोखंड काढायला पुन्हा अ‍ॅसिडने धुवा. तरी थोडं लोखंड उरेलच, कारण काही कणांभोवती ग्राफाइटचं कवच तयार होतं आणि अ‍ॅसिड आत शिरत नाही.

एक्सआरडीत (एक्स-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीत) २६.५ अंशांच्या कोनाच्या आसपास टोकदार शिखर दिसलं की पोरं लगेच नाचतात. त्याच्या पायथ्याशी रुंद फुगवटा आहे का, ते आधी बघा. असेल तर तो न बदललेला कोळसा. यंत्रातली एक्स-किरणांची नळी तांब्याची असेल तर लोखंडामुळे पार्श्वभूमीही चढते, म्हणून मोजणी धुतल्यावर घ्या. आणि लोखंड न घातलेला एक नमुना त्याच तापमानाला जरूर चालवा. गाइड पहिला प्रश्न तोच विचारतील.

इलेक्ट्रोडच्या कारखान्यात लोखंडाचं ऑक्साइड घालतात, पण ते कोकमधल्या गंधकाने माल फुगू नये म्हणून. त्यांचं लोखंडाचं प्रमाण इथे उचलू नका.

ग्राफाइट कशासाठी हवंय, ते लिहिलं नाहीत. लिथियम सेलसाठी असेल तर उरलेलं लोखंड डोकेदुखी ठरेल. वीज वाहणारी साधी पूड हवी असेल तर एवढं धुणं पुरे.