सोलापुरात चौघांचं कुटुंब आणि दोन मोठे कुत्रे: चांगलं अ‍ॅव्हरेज देणारी कोणती गाडी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की घरात चार माणसं, एक लॅब्रेडॉर आणि एक गावठी कुत्री. गाडी रोज शहरात फिरणार, महिन्यातून एकदा पुण्याला जाणार. बजेट ऑन रोड बारा लाखांपर्यंत. सीएनजी घ्यावी का आणि डिकी किती लिटरची लागेल, हे तुम्हाला विचारायचंय.

मी जुळे सोलापुरात राहते. आमच्याकडे मोती आहे, नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर, ३३ किलोचा. आणि राणी, सहा वर्षांची कारवानी (शिकारी देशी जातीची कुत्री), वजनाला २५ किलो पण पाय नुसते लांबच लांब. आधी आमच्याकडे सीएनजीची हॅचबॅक होती. २०२२ पासून मारुतीची सेकंडहँड अर्टिगा आहे, तीन रांगांची सात सीटर, पेट्रोल. दोन्ही मीच चालवल्यात, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते: पेट्रोल अर्टिगा घ्या आणि तिसरी रांग कायमची पाडून ठेवा. एवढे पैसे घालायचे नसतील तर रेनॉची ट्रायबर. सीएनजी तुमच्यासाठी नको.

सीएनजी नको असं मी का म्हणते, ते जरा सविस्तर सांगते.

२०१९ चा मे महिना. आम्ही पुण्याहून निघालो अकराला, खरं तर पहाटेच निघायला हवं होतं. पुढे मी आणि नवरा, मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलगी. मोती तेव्हा तीन वर्षांचा होता. डिकीत सिलिंडर आणि त्याच्या पुढ्यात दोन बॅगा, म्हणून मोतीला बसवला मागच्या सीटच्या पायाशी, दोघींच्या पायांमध्ये. एसी चारवर होता, पुढे आम्हाला गार वाटत होतं. टेंभुर्णी गेली, मोहोळ जवळ आलं आणि मुलगी म्हणाली, "आई, मोती थरथरतोय." मी मागे वळून पाहिलं तर जीभ बाहेर लोंबत होती, गडद लाल, कडेला जांभळट. लाळ दोरीसारखी घट्ट झालेली. गाडी तशीच एका ढाब्यावर घातली. ढाबेवाल्या काकांनी काही न विचारता बोअरची मोटर चालू करून पाइप हातात दिला. पंजे, पोट, मांड्यांच्या आतली बाजू, सगळीकडे पाणी सोडत राहिलो आणि सासूबाई पदराने वारा घालत होत्या. वीस मिनिटांनी त्याने मान उचलली. सोलापुरात पोहोचल्यावर थेट डॉक्टरांकडे नेलं, सलाइन लावलं, वाचला.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतो आणि त्यासाठी त्याच्या तोंडाशी गार, खेळती हवा लागते. आमच्या त्या गाडीत मागे एसीची झडपच नव्हती. पुढच्या सीटच्या पाठी, माणसांचे पाय आणि खाली तापलेला पत्रा, त्या खड्ड्यात वारा पोचायचाच नाही. त्या प्रवासात गाडीने किलोला २७ चं अ‍ॅव्हरेज दिलं होतं. त्या आकड्याचं मला तेव्हापासून काही वाटेनासं झालं.

म्हणून गाडी बघताना मी आधी एकच बघते: कुत्रा नेमका कुठे बसणार आणि तिथे वारा पोचतो का. अ‍ॅव्हरेज त्यानंतर. आणि तुमच्या वापराला अ‍ॅव्हरेजमधला फरक वाटतो तेवढा मोठा नाही, हे पुढे हिशेबाने दाखवते.

आता सिलिंडर. बहुतेक सीएनजी गाड्यांत तो डिकीतच आडवा बसवलेला असतो. अर्टिगा सीएनजीतही तो तिसऱ्या रांगेच्या मागे, म्हणजे मागच्या दाराशीच आहे. तिसरी रांग पाडली की जागा होते खरी, पण मागचं दार उघडून कुत्र्याला आत घ्यायची वाट सिलिंडर अडवतो. मग तो बाजूच्या दाराने, सीटवरून उड्या मारत आत जाणार. लॅब्रेडॉरला उतारवयात कंबरेचा त्रास होतो, त्याला हे झेपत नाही. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये आणि मग पंचमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे, डिकीच्या फरशीखाली बसवले. कल्पना चांगली आहे. पण वर उरते २१० लिटरची डिकी, म्हणजे स्पिट्झसारख्या एखाद्या छोट्या कुत्र्यापुरती. दोन मोठे कुत्रे त्यात मावत नाहीत.

हिशेब असा. कंपनीचा आकडा अर्टिगा पेट्रोल मॅन्युअलला लिटरला २०.५१ आणि सीएनजीला किलोला २६.११. हे आकडे चाचणीतले. मी प्रत्येक वेळी एकाच पंपावर टाकी फुल करून, किलोमीटर लिहून काढते. माझ्या गाडीला सात रस्ता, विजापूर रोड, नवी पेठ असं फिरताना एसी लावून १२-१३ पडतं, पुण्याच्या रस्त्याला ८०-९० ने चालवली तर १७-१८. सरासरी १६ धरा. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर किलोमीटरला साधारण साडेसहा रुपये. सीएनजीला किलोला २२ आणि भाव ९२ धरला तर सव्वाचार रुपयांच्या आत. वर्षाला १०,००० किलोमीटर चालली तर फरक २४,००० च्या आसपास. सीएनजी गाडीला सुरुवातीलाच लाखाच्या आतबाहेर जास्त मोजावे लागतात, ते वसूल व्हायला चारेक वर्षं. तुम्ही रोज अक्कलकोट किंवा पंढरपूर करणारे असता तर मी वेगळं सांगितलं असतं. तुमचं रनिंग तेवढं नाही.

पेट्रोलमध्येच लिटरला १६ देणारी आणि २० देणारी अशा दोन गाड्यांत तुम्ही अडकला असाल तर तोही हिशेब करा. १०,००० किलोमीटरला ६२५ लिटर आणि ५०० लिटर. १२५ लिटरचा फरक, म्हणजे वर्षाला १३,००० रुपये. महिन्याला हजार-अकराशे. दोन जीव नीट बसून येणार असतील तर मी तेवढे आनंदाने घालते.

लिटरमधल्या आकड्यावर मात्र गाडी ठरवू नका. बूट स्पेसचं माप सामानासाठी असतं, त्यात आकार कळत नाही. सेडानची डिकी मोठी दिसते पण ती बंद पेटी आहे, कुत्र्याला तिथे ठेवताच येत नाही. अर्टिगाची डिकी तिन्ही रांगा उभ्या असताना २०९ लिटर, तिसरी पाडली की ५५०. माझ्या उपयोगाचं माप वेगळं आहे: दुसऱ्या रांगेच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत जवळजवळ साडेतीन फूट लांबी, दोन्ही चाकांच्या उंचवट्यांमध्ये तीन फुटांहून थोडी जास्त रुंदी. मोती आडवा झाला की नाकापासून ढुंगणापर्यंत ३८ इंच भरतो, राणी पाय लांब करून झोपली की तिला त्याहून जास्त लागतं. दोघं एकमेकांना चिकटून बसतात, मोहोळपर्यंत खिडकीतून बघतात, मग झोपतात. तुम्ही आधी घरी दोघांचं माप घ्या. झोपलेलं घ्या, उभं असतानाचं कानापर्यंत घ्या. मग टेप घेऊन शोरूमला जा.

आणि कुत्र्यालाही न्या. एका शोरूममध्ये आम्हाला गेटवरच थांबवलं होतं, कुत्रा आत नको म्हणाले, टेस्ट ड्राइव्हला तर नाहीच. आम्ही तिथून निघून आलो. दुसरीकडे आधी फोन करून विचारलं, सकाळी दहाला गर्दी नसताना या म्हणाले, आमची जुनी चादर टाकून मोतीला मागे बसवून होटगी रोडला चक्कर मारू दिली. तुम्हीही फोन करून जा. दहा मिनिटांत कळतं: कुत्रा वळणावर पाय पसरून तोल सावरतो की घसरतो, उभा राहिला की डोकं छताला लागतं का, वारा त्याच्यापर्यंत येतो का.

वाऱ्याचं तेवढं नीट तपासा. माझ्या २०१९ च्या अर्टिगाला दुसऱ्या रांगेवर छताला ब्लोअर आहे, त्याची तोंडं मागे वळवली की डिकीपर्यंत गार हवा जाते. मी पहिले दहा मिनिटं माणूस मागे बसवून खात्री केली होती. व्हेरियंट घेताना मागचा एसी आहे ना हे आधी बघा, टच स्क्रीन मोठी की छोटी हे नंतर. सनरूफवर तर एक रुपया घालू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, वरून ऊन आत घ्यायची गरजच नाही.

ट्रायबरचं वेगळेपण असं की तिसऱ्या रांगेच्या सीट पाडायच्या नाहीत, काढूनच ठेवायच्या. मग ६२५ लिटरची मोकळी, सपाट जागा मिळते, आणि गाडी चार मीटरच्या आत असल्याने पेठेतल्या बोळांतही सहज वळते. इंजिन एक लिटरचं, ताकद ७२ पीएस, म्हणजे तशी कमीच. चार माणसं, दोन कुत्रे, सामान आणि एसी असं सगळं घेऊन हायवेला ट्रक ओलांडताना दम धरावा लागतो. तुळजापूरचा घाट चढते, दुसऱ्या गिअरमध्ये. माझ्या भावाकडे आहे आणि तो खूश आहे. काढलेल्या सीट घरात कुठे ठेवणार ते मात्र आधी ठरवा, त्याच्या तर माळ्यावर पडल्यात.

वॅगन-आरचा विचार डोक्यात असेल तर एका कुत्र्यापुरती ती छान आहे, उंच आहे, अ‍ॅव्हरेज उत्तम. दोन कुत्रे आणि चार माणसं नाही बसत. ग्रँड व्हिटारासारख्या स्ट्राँग हायब्रिडचं (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचं) लिटरला २८ च्या जवळचं अ‍ॅव्हरेज मोहात पाडतं, पण बॅटरी डिकीच्या खाली असल्याने डिकी आखडते आणि किंमतही तुमच्या बाहेर जाते. डिझेल या बजेटमध्ये सोडून द्या. इलेक्ट्रिक शहरात फार स्वस्त पडते, पण पुणे इथून अडीचशे किलोमीटर. मे महिन्यात वाटेत चार्जिंगला थांबून दोन कुत्र्यांना सावलीत सांभाळत बसणं मला नको वाटतं.

गाडी आल्यावर तीन-चार गोष्टी लगेच करा. दुसऱ्या रांगेच्या मागे जाळी बसवून घ्या. बाजारात तयार मिळतात त्या आपल्या गाड्यांना नीट बसत नाहीत. मी अक्कलकोट रोडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून अर्ध्या इंचाचा चौकोनी पाइप आणि वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी) घेऊन करून घेतली, हेडरेस्टच्या दांड्यांना क्लॅम्पने धरली, गाडीला एकही भोक पाडलं नाही. पहिले दोन दिवस खडखड वाजत होती, मग क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, आवाज बंद. शिवाय दोघांना छातीचा पट्टा घालून खालच्या हुकाला बांधते, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही. ब्रेक जोरात लागला तर ३३ किलोचा जीव पुढच्या माणसावर आदळतो आणि कुत्र्याच्या मानेचंही काही खरं राहत नाही.

खाली आधी रबर मॅट, तिच्यावर सोलापुरी चादर दुहेरी घडी घालून. टेरी टॉवेल टाकून पाहिला होता, त्याच्या लूपमध्ये राणीची नखं अडकायची. चादर घसरू नये म्हणून चारही कोपऱ्यांना नाडी शिवून हुकांना बांधलीय. धुवायला सोपी, आणि जुनी झाली की आणखी मऊ होते.

डिकीचा उंबरा माझ्या गाडीला सव्वादोन फुटांवर आहे. राणी एका उडीत आत. मोती आता पुढचे पाय ठेवतो आणि माझ्याकडे बघत थांबतो, मग मी मागून उचलते. तुमचा लॅब्रेडॉर अजून लहान असेल तर आत्तापासूनच फळीवरून चढायची सवय लावा. सहा फुटांची प्लायवूडची फळी, वर जुनी पायपुसणी चिकटवलेली, एवढं पुरतं.

उन्हाळ्यात पुण्याला निघायचं तर पहाटे पाचला, म्हणजे नऊ-साडेनऊला तिथे. टोलवर किंवा चहाला थांबलात तरी गाडीत एक माणूस एसी चालू ठेवून बसलाच पाहिजे. बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास तापमान चढतं, काच दोन बोटं उघडी ठेवून काही फरक पडत नाही. आम्ही भिगवणच्या पुढे एका झाडाखाली थांबतो, एक जण चहा आणायला जातो, बाकीचे कुत्र्यांजवळ.

जाळीचं माप हवं असेल तर माझ्या २०१९ च्या अर्टिगाला रुंदी ४१ इंच आणि उंची २१ इंच बसली, वरचे दोन्ही कोपरे तिरके कापून. वेल्डिंगला देण्याआधी त्याच मापाचा पुठ्ठा कापून सीटच्या मागे उभा करून बघा, मागची दारं आणि सीटबेल्ट अडत नाहीत ना ते तपासा, मगच पाइप कापायला सांगा.