फ्रेंच भोजनगृहात जाण्याआधी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्रान्सला जाणाऱ्या वाचकांची पत्रे दरवर्षी येतात आणि त्यांत तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा आढळतात. मी तिथल्या उंची भोजनगृहांत आधी साधा वाढपी आणि नंतर ‘शेफ द रां’, म्हणजे ठरावीक टेबलांची जबाबदारी सांभाळणारा वाढपी, म्हणून काही वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या सहलीच्या माहितीपत्रकात बिलावर १५ टक्के टिप सक्तीची असल्याचे लिहिले आहे. हे खरे आहे का?

नाही. भोजनपत्रिकेवर छापलेल्या किमतीतच कर आणि सेवेचा मोबदला धरलेला असला पाहिजे, असा नियम फ्रान्समध्ये १९८७ पासून आहे. पत्रिकेवरच्या ‘सेर्व्हिस कोंप्री’ या शब्दांचा अर्थ तोच. सेवेने समाधान झाले असेल तर चार-दोन नोटा ठेवाव्यात, न ठेवल्यास कोणी अपमान मानत नाही. पर्यटकांची गर्दी असलेल्या भागांत कार्डाचे यंत्र पुढे करून ‘सेवा वेगळी आहे’ असे सांगणारे वाढपी भेटतात. त्यांना ते शब्द दाखवावेत आणि तरीही वाद उरला तर व्यवस्थापकाला बोलावून घ्यावे.

प्रश्न : साडी नेसून गेले तर चालेल का?

चालेल. पुरुषांना मात्र काही जुन्या भोजनगृहांत आजही कोट लागतो, म्हणून जागा राखून ठेवतानाच विचारून घ्यावे.

प्रश्न : मला किमती छापलेली पत्रिका मिळाली आणि पत्नीला बिनकिमतीची. ही छपाईची चूक होती का? शिवाय ‘आंत्रे’ मागवल्यावर मुख्य जेवणाऐवजी अगदी लहानसा पदार्थ आला.

दोन्ही ठिकाणी चूक झालेली नाही. पाहुण्याने किमतीकडे पाहून संकोचाने निवड करू नये, म्हणून यजमानालाच किमती दाखवण्याची ही जुनी रीत आहे. यजमान पुरुषच असणार हे गृहीत धरण्याची सवय मात्र मला तेव्हाही खटकत असे आणि आजही खटकते. पैसे पत्नी देणार असतील किंवा दोघांनाही किमती पाहायच्या असतील, तर तसे आधी कळवावे. कोणतेही चांगले भोजनगृह ते आनंदाने मान्य करते. ‘आंत्रे’चा शब्दशः अर्थ प्रवेश, म्हणून तो जेवणाच्या सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थाला हा शब्द वापरण्याची पद्धत अमेरिकी आहे. तसेच फ्रेंचमध्ये ‘मनू’ म्हणजे ठरलेल्या किमतीत क्रमाने येणारे पदार्थ, आणि ज्यातून सुटे पदार्थ निवडायचे ती यादी म्हणजे ‘कार्त’. या दोन शब्दांची गल्लत झाली तर बिल पाहून धक्का बसतो.

प्रश्न : इतके काटे-चमचे मांडलेले पाहून भीती वाटते. कुठून सुरुवात करावी?

बाहेरून आत. एकोणिसाव्या शतकापूर्वी सारे पदार्थ एकदम टेबलावर मांडले जात. नंतर एकामागून एक पदार्थ वाढण्याची ‘रशियन’ पद्धत रुळली आणि तिच्याबरोबर हा क्रमही आला. आता बरीच भोजनगृहे प्रत्येक पदार्थाआधी नवी जोडी आणून ठेवतात, त्यामुळे चुकण्याची शक्यता उरत नाही. काट्याची टोके टेबलक्लॉथकडे वळवलेली दिसतील. घराण्याचे चिन्ह काट्याच्या पाठीवर कोरले जाई, ते दिसावे म्हणून ही मांडणी. इंग्रजी शिष्टाचार शिकलेल्यांसाठी एक सूचना : फ्रान्समध्ये हात मांडीवर ठेवत नाहीत, मनगटे टेबलाच्या कडेवर दिसली पाहिजेत. जेवण झाले की काटा आणि सुरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवावी. एवढे पुरे आहे.

प्रश्न : वाढप्याने पेल्यात घोटभर वाइन ओतली आणि तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. चव आवडली नाही तर परत करता येते का? आणि आम्ही पीतच नसू तर काय करावे?

तो घोट आवड ठरवण्यासाठी नसतो. बुचामुळे वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागला आहे का, एवढेच त्यात पाहायचे असते. दोष असेल तर बाटली बदलून मिळते. नुसती आवडली नाही म्हणून परत करणे अशिष्ट मानले जाते. निवडीबद्दल शंका असेल तर ‘सोमेलिए’ला, म्हणजे वाइनच्या जाणकाराला, आपली पैशांची मर्यादा सांगून सल्ला मागावा, त्याचे कामच ते आहे. पीत नसाल तर तसे सांगावे, कारण देण्याची गरज नाही. पाण्याबाबत मात्र सावध राहावे. ‘साधे की बुडबुड्यांचे?’ असे विचारले जाते तेव्हा दोन्ही पर्याय बहुधा विकतच्या बाटलीचे असतात. ‘कराफ दो’ मागितल्यास जेवणाबरोबर नळाचे शुद्ध पाणी फुकट मिळते, आणि ते मिळू शकते हे गिऱ्हाइकांना दिसेल असे जाहीर करणे २०२२ पासून तिथे बंधनकारक आहे.

प्रश्न : आम्ही चौघे शुद्ध शाकाहारी आहोत. ओळखीचे लोक सांगतात की तिथे बसल्यावर ‘व्हेजिटेरियन’ म्हटले की पुरते. आपले मत काय?

ज्यांनी हे सांगितले त्यांनी आपले नुकसान केले आहे. ही ऐकीव माहिती मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकली आहे आणि तिच्यापायी इतकी कुटुंबे रडकुंडीला आलेली पाहिली आहेत, की या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देणार आहे.

उंची फ्रेंच स्वयंपाकाचा पाया अर्कांवर उभा आहे. गडद रंगाच्या बहुतेक सॉसच्या मुळाशी ‘फों द वो’, म्हणजे वासराच्या हाडांचा तासन् तास आटवलेला अर्क असतो. भाज्यांचे सूप कोंबडीच्या अर्कात शिजवलेले असू शकते. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असते आणि ते डुकराच्या किंवा गुरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. चीजही सुटलेले नाही : कोंते, रोकफोर यांसारख्या परंपरागत चीजसाठी दूध फाडायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. डोळ्यांना यातले काहीही दिसत नाही. शिवाय ‘व्हेजेतारियें’ म्हणजे मासे चालतात, असे समजणारे लोक मला तिथे स्वयंपाकघरात आणि बाहेरही भेटले आहेत. म्हणून नुसता शब्द सांगू नये, यादी सांगावी : मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, त्यांचे अर्क, जिलेटिन, प्राण्यांची चरबी यांपैकी काहीही नको, अंडी चालतात की नाही, मद्य घातलेले सॉस आणि मिष्टान्ने चालतात की नाही.

आणि हे टेबलावर बसल्यावर सांगू नये. अर्क आदल्या दिवशी चढवलेले असतात, भाज्यांची खरेदी सकाळीच झालेली असते. रात्री आठ वाजता आपण नकार दिलात तर स्वयंपाकी वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या हाताशी काही नसते म्हणून उकडलेल्या भाज्यांची ताटली पुढे येते, आणि बिल मात्र पूर्ण लागते. एका ठिकाणी मी स्वतः अशी ताटली एका वृद्ध गुजराती दांपत्यापुढे ठेवली आहे. त्यांचे चेहरे मी विसरलेलो नाही. आठ-दहा दिवस आधी लेखी कळवले असते तर त्याच स्वयंपाकघराने त्यांच्यासाठी सुंदर जेवण रांधले असते. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर याहूनही आधी कळवावे आणि ‘जमणार नाही’ असे उत्तर आले तर ते प्रामाणिक समजून दुसरीकडे जावे.

फ्रेंचांना भाजीची कदर नाही, हा समजही सोडावा. पॅरिसच्या ‘आर्पेज’ या तीन तारांकित (हे तारे म्हणजे ‘मिशेलॅं’ या मार्गदर्शक पुस्तिकेचे मानांकन) भोजनगृहात तिथले मुख्य स्वयंपाकी आलँ पासार यांनी २००१ मध्ये लाल मांस बंद केले, स्वतःच्या बागा उभ्या केल्या आणि २०२५ च्या जुलैपासून तर मध वगळता सारे जेवण वनस्पतिजन्य केले. बोर्दोजवळच्या आरेस गावातील ‘ओना’ या संपूर्ण वनस्पतिजन्य भोजनगृहाला २०२१ मध्ये मिशेलॅं तारा मिळाला होता; ते पुढच्या वर्षी बंद झाले, हे दुःखद आहे.

घरात कुणाला सुकामेव्याची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर तो आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. युरोपीय नियमांनुसार १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. ती मागून घ्यावीच. मात्र प्रवासाआधी आपल्या डॉक्टरांकडून फ्रेंच किंवा इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी आणि औषधे बरोबर घ्यावीत.

प्रश्न : एक एजंट प्रसिद्ध भोजनगृहात ‘खात्रीची जागा’ मिळवून देण्याचे वेगळे पैसे मागतो आहे.

देऊ नयेत. भोजनगृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर जागा राखता येते. बरीच भोजनगृहे त्या वेळी कार्डाचा क्रमांक मागतात. न कळवता गैरहजर राहिल्यास ती दंड कापतात आणि ते योग्यच आहे. रद्द करण्याची मुदत आधी वाचावी आणि बेत बदलला तर त्याच दिवशी कळवावे. अनेक भोजनगृहे ऑगस्टमध्ये काही आठवडे बंद असतात, हेही तपासावे.

प्रश्न : जेवण होऊन अर्धा तास झाला तरी बिल आणले नाही. आमच्याकडे दुर्लक्ष झाले का?

नाही. न मागता बिल आणणे म्हणजे पाहुण्याला उठवणे, असे तिथे मानतात. ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ म्हणावे.

प्रश्न : सत्तरीच्या आईला मधुमेह आहे आणि ती इन्सुलिन घेते. तिला रात्रीच्या अशा जेवणाला नेता येईल का?

रात्रीचे जेवण सहसा साडेसातच्या आधी सुरू होत नाही, तीन तास चालू शकते आणि पहिला भरीव पदार्थ केव्हा येईल हे आपल्या हाती नसते. म्हणून इन्सुलिनची वेळ आणि मात्रा यांबाबत आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलावे. माझा किंवा सहप्रवाशांचा सल्ला त्यासाठी चालणार नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली तरी मी दुपारचे जेवण सुचवीन. बऱ्याच तारांकित भोजनगृहांत दुपारचा ‘मनू’ आटोपशीर आणि बराच स्वस्त असतो. बसताक्षणी पाव आणावा, हे ‘मेत्र दोतेल’ला, म्हणजे दालनाच्या प्रमुखाला, दारातच सांगून ठेवावे.