वयाचा आकडा आणि बर्बनची चव

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे राहते. तिच्याकडे गेलो असताना बर्बन या अमेरिकन व्हिस्कीची एक डिस्टिलरी (मद्य गाळण्याचा कारखाना) पाहिली. स्कॉचच्या बाटलीवर १२ किंवा १८ वर्षे लिहिलेली पाहण्याची सवय असल्यामुळे, तिथे कौतुकाने दाखवलेली व्हिस्की जेमतेम ४ ते ६ वर्षांची आहे हे ऐकून नवल वाटले. ती कच्ची नसते का? तिची चव कशी घ्यावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कच्ची मुळीच नसते. अमेरिकेच्या कायद्यानुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि मद्य आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावे लागते. वरून रंग किंवा स्वाद घालण्यास मनाई आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या कोऱ्या पिंपात आहे. पिंपाची फळी कापून पाहिली, तर काळ्या कोळशाच्या थराखाली भाजल्या गेलेल्या लाकडाचा तांबूस पट्टा दिसतो. उष्णतेने तिथे लाकडातील शर्करा करपून गोडसर झालेली असते आणि व्हॅनिलासारखा वास देणारी द्रव्ये मोकळी झालेली असतात. केंटकीच्या कडक उन्हाळ्यात मद्य प्रसरण पावून या पट्ट्यात शिरते, हिवाळ्यात माघारी येते आणि येताना रंग, गोडवा व तुरटपणा घेऊन येते. स्कॉच मात्र बहुतांशी बर्बनसाठी एकदा वापरलेल्या पिंपांत आणि थंड हवेत मुरते, म्हणून तिला अधिक वर्षे लागतात. गोव्याची पॉल जॉन ही सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली) व्हिस्कीही अशा वापरलेल्या पिंपांत मुरते. पण तेथील उष्म्यामुळे ती लवकर तयार होते.

बर्बन फार वर्षे ठेवली, तर लाकडाचा कडवटपणा धान्याच्या चवीवर मात करतो. म्हणून वयाचा मोठा आकडा पाहून जादा पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी ‘बॉटल्ड-इन-बाँड’ हे शब्द शोधावेत. एकोणिसाव्या शतकात व्हिस्कीत सर्रास भेसळ होत असे. तिला आळा घालण्यासाठी १८९७ मध्ये झालेल्या कायद्यान्वये अशी व्हिस्की एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातील, सरकारी देखरेखीखालील गोदामात किमान ४ वर्षे मुरलेली आणि ५० टक्के मद्यार्काची असावी लागते.

चव घेताना निमुळत्या तोंडाचा पेला घ्यावा आणि तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा, म्हणजे मद्यार्काचा झणका नाकात बसत नाही. पहिला घोट अगदी लहान असावा. त्याने जीभ फक्त सरावते, त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट जिभेवर घोळवावा. मिरीसारखा तिखटपणा जाणवला, तर तो बहुधा राय या धान्याचा. रायऐवजी गहू वापरलेली बर्बन अधिक मऊ लागते. त्यानंतर थेंब थेंब पाणी घालून पुन्हा वास घ्यावा. बर्फ मात्र या वेळी टाळावा, कारण थंडीने सुगंध दबतो.